मुलांना आपल्या लहानपणच्या गोष्टी ऐकायच्याच नसतात का?

तुम्ही लिहिलंय की गाव धुळ्याकडचं, मुक्काम पुण्यात, मुलं दहा-बारा वर्षांची, आणि तुम्ही लहानपणचं काही सांगायला लागलात की ती मोबाइलमध्ये डोकं घालतात. मी जळगावला राहतो, गाव अमळनेर तालुक्यात, बोरीकाठचं. मला एक मुलगी आणि तिच्या पाठचा मुलगा. घरात आई आणि आबा, म्हणजे माझे वडील, हेही आहेत. आमच्या पोरांना जुन्या गोष्टी खूप आवडतात. पण समोर बसवून 'आमच्या वेळी...' अशी सुरुवात केली की तीही उठून जातात, आणि त्यात मला त्यांचं काही चुकलंय असं वाटत नाही. 'आमच्या वेळी'च्या मागून उपदेश येणार हे पोरांना लगेच कळतं.

घरात काही सांडलं, फुटलं, बंद पडलं की मात्र तीच पोरं आपणहून जवळ येऊन बसतात. आपले हात कामात असतात, बोलण्याला घाई नसते आणि समोर काहीतरी बिघडलेलं असतं, म्हणून त्यांना उत्सुकता असते. आमच्याकडे जेवढ्या गोष्टी सांगून झाल्या, त्या बहुतेक अशाच वेळी झाल्या.

मे महिन्यातली एक रात्र सांगतो. कूलरच्या टाकीतला फ्लोट अडकला आणि पहाटेपर्यंत हॉलभर पाणी झालं. खाली अंथरलेल्या गाद्या भिजल्या. सकाळी कूलर उघडला तर बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी गवत दगडासारखं कडक झालेलं आणि मोटरही धापा टाकत होती. मी नवीन गवत जाळीत भरत बसलो. मुलगा शेजारी बसला आणि म्हणाला, "पप्पा, यात बर्फ नाही, मग हवा गार कशी होते?" त्याला सांगितलं की ओल्या गवतातून हवा जाते, पाण्याची वाफ होते, आणि वाफ व्हायला लागणारी उष्णता पाणी त्या हवेतूनच ओढून घेतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, पण हवा कोरडी असते, म्हणून कूलर चालतो. मुंबईच्या दमट हवेत तो नुसता चिकचिकाट करतो, आणि मृग लागला की आपल्याकडेही तसंच होतं. माठ याच कारणानं गार होतो. दारावरचा वाळ्याचा पडदाही. "आणि आम्ही संध्याकाळी धाब्यावर पाणी शिंपडायचो तेही त्याच्यासाठीच," असं मी म्हणालो आणि त्याचा पुढचा प्रश्न आला, "धाबं म्हणजे जेवायचा ढाबा?"

तिथून जे सुरू झालं ते दुपारच्या जेवणापर्यंत चाललं. तुमच्याही गावी असणार म्हणून थोडं सविस्तर लिहितो, कारण पुण्यात वाढलेल्या मुलांना हे घर डोळ्यांसमोर उभं करून द्यावं लागतं. मातीच्या जाड भिंती, वर लाकडाचे सरे, सऱ्यांवर किलचन म्हणजे काटक्या-फळ्यांचा थर, त्यावर निंबाचा पाला किंवा तुराट्या आणि सगळ्यांवर वीतभर माती. झालं सपाट छप्पर, तेच धाबं. दिवसा त्या मातीमुळे आत ऊन पोचायचं नाही. संध्याकाळी बादलीभर पाणी शिंपडलं की धाब्यावरून एक वाफारा यायचा, मग ते निवायचं आणि रात्री गोधड्या वर जायच्या. घरोघरची धाबी एकमेकांना लागून, त्यामुळे गल्लीतली अर्धी पोरं एकाच ओळीत झोपलेली. या टोकाचा त्या टोकाच्याशी झोपेपर्यंत बोलायचा.

पावसाळ्याआधी मात्र त्याच धाब्याची सेवा करावी लागे. रोहिणी संपता संपता आबा बैलगाडीनं खारी माती आणत. ही माती भिजली की फुगते, चिकट होते, आणि तिचे बारीक कण भेगांमध्ये जाऊन बसतात, म्हणून पाणी खाली झिरपत नाही. काळी माती वर टाकली तर उन्हात तिलाच भेगा पडतात. खारी माती पसरायची, उतार पनाळीकडे ठेवायचा, उंदरांची बिळं शोधून ठेचून बुजवायची. एवढं करूनही पहिल्या जोरदार पावसात कुठेतरी धार लागायचीच. मग आई धारेखाली भगुनं ठेवायची, आबा डोक्यावर बारदानाची खोळ घेऊन फावडं घेऊन वर जायचे, आणि आम्ही भावंडं खालून ओरडून सांगायचो, "अजून इकडे! अजून इकडे!" वर आबा पायानं माती दाबायचे आणि खाली धार बारीक होत होत बंद व्हायची.

हे मी रंगून सांगत होतो. "रात्रभर गळायचं," असं म्हणालो तर खाटेवरून आबा म्हणाले, "रातभर नही. दोनच जागावर गये. तू तवय धाकला व्हता, तुले काय याद ऱ्हाई!" म्हणजे रात्रभर नाही, दोनच जागी गळायचं, तू तेव्हा लहान होतास. पोरांना इतका आनंद झाला म्हणता! आता साक्षीदार दोन झाले आणि दोघांचं जमेना. मुलगी आबांची बाजू घेऊन मला उलटे प्रश्न विचारायला लागली. कोणती जागा, कोणतं भगुनं, आजी कुठे होती. मला यातून फार मोलाची एक गोष्ट मिळाली. मुलांसमोर आपली आठवण कोणी खोडली तर खोडू द्या. पुरी तयार झालेली गोष्ट ऐकण्यापेक्षा अजून भांडण चालू असलेली गोष्ट त्यांना जास्त आपली वाटते. तुमचे आई-वडील धुळ्याला असतील तर अशा वेळी फोन लावा, स्पीकरवर ठेवा आणि त्यांना खोडू द्या.

बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, दिवस तर आमच्या घरात सणासारखा असतो, त्यामुळे त्यात काही बिघडलं की घर सगळं गोळा होतं. आई अजूनही उन्हाळ्यात बिबड्या करते. ज्वारी आधी भिजत घालायची, मग तिचं पीठ, आणि पहाटे मोठ्या पातेल्यात तीळ, जिरं, लसूण, मिरची घालून ते शिजवायचं. शेजारच्या दोघी-तिघी येतात. ओल्या कापडावर गरम गरम थापायचं, दिवसभर गच्चीवर ऊन द्यायचं, संध्याकाळी कापड उलटं करून मागून पाण्याचा हबका मारायचा म्हणजे बिबडी सुटते. एका वर्षी भर दुपारी वावधन सुटलं. आभाळ नव्हतं ते एकदम भरून आलं आणि टपोरे थेंब पडायला लागले. जुन्या लुगड्यावरच्या बिबड्या लुगड्यासकट उडून शेजारच्या गच्चीवर गेल्या. पोरं अनवाणी तापलेल्या गच्चीवर धावली, मी जिन्यातून कापडं ओढली, बायकोनं बादल्या रिकाम्या करून त्यात सापडेल ते भरलं. जिन्यात बसून आम्ही अर्धवट वाळलेल्या ओल्या बिबड्या तेल लावून खाल्ल्या. ज्यानं खाल्ल्यात त्याला त्यांची चव सांगायला नको, आणि ज्यानं खाल्ल्या नाहीत त्याला सांगून कळणार नाही.

तिथे जिन्यात मी माझ्या राखणीची गोष्ट सांगितली. हातात लांब काठी घेऊन कावळे आणि बकऱ्या हाकलायच्या, मजुरी म्हणून वाटीभर गरम घाटा, म्हणजे बिबड्यांचं शिजवलेलं पीठ, मधे खड्डा करून त्यात तेल. पण त्या दिवशी खरी गोष्ट आईनं सांगितली. तिच्या माहेरी एकदा अशाच पावसात सगळं पीठ वाया गेलं होतं, आणि वर्षभर लागणाऱ्या बिबड्या गल्लीतल्या प्रत्येक घरानं थोड्या थोड्या आणून दिल्या होत्या. इतकी वर्षं मी तिचा मुलगा आहे, पण हे मी पहिल्यांदा ऐकलं. तिला कोणी विचारलंच नव्हतं. त्या दिवशी विचारलं ते माझ्या मुलीनं.

भरताच्या वांग्याचंही तसंच झालं. मुलीनं हौसेनं हिरवं मोठं वांगं गॅसवर ठेवलं, पण त्याला सुरीनं टोचे मारायचे राहिले. आत वाफ कोंडली आणि वांगं फुटून गर ओट्यावर, भिंतीवर, बर्नरमध्ये. ती घाबरली होती, म्हणून आधी तिला सांगितलं की हे सगळ्यांच्या घरी होतं. मग बर्नर घासता घासता शेतातल्या भरताची गोष्ट निघाली. कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी, लाकडी बडगीत ठेचलेली हिरवी मिरची, लसूण, वरून कांद्याची पात आणि शेंगदाणे, सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मला मनापासून अभिमान आहे. पण मुलीला त्या मानांकनापेक्षा 'बडगी' बघायची होती. गावाहून आणली. आता दर हिवाळ्यात तीच ठेचते.

वीज गेली की आमच्याकडे पीजे निघते. पीजे म्हणजे पाचोरा-जामनेर छोटी रेल्वे, १९१९ साली जामनेरपर्यंत पोचलेली, साधारण ५६ किलोमीटरची वाट. आईचं माहेर शेंदुर्णी. अमळनेरहून जळगाव, जळगावहून पाचोरा आणि तिथून ही इवलीशी गाडी, असा मामाच्या गावाचा प्रवास. २०२० च्या टाळेबंदीत ती थांबली आणि छोट्या रुळांवर पुन्हा धावली नाही. माझ्या पोरांनी ती पाहिलेली नाही याचं मला वाईट वाटतं, म्हणून अंधारात मी स्टेशनांची नावं ओळीनं म्हणतो आणि ती माझ्या मागून म्हणतात.

आता तुमच्यासाठी. पुण्याच्या फ्लॅटमध्ये धाबं नाही, कूलरही नसेल. पण नळ गळतो, मिक्सर बंद पडतो, दूध उतू जातं. अशा वेळी मुलांना बाजूला करू नका, हातात पक्कड द्या, फडकं द्या, आणि बोलणं त्या वस्तूवरून सुरू होऊ द्या. त्यातून तुमचं बालपण आपोआप निघेल. निघालं नाही तर ओढून काढू नका. त्रास झाला होता तिथे त्रास झाला असंच सांगा. आमच्या लहानपणी सगळं चांगलंच होतं असं पोरांना पटत नाही, आणि ते खरंही नाही. धाब्याच्या घरात विंचू निघायचे, उन्हाळ्यात विहिरी आटायच्या, आईचे हात लिंपून लिंपून सोलायचे. हेही मी सांगतो, आणि पोरं हेच सगळ्यात लक्ष देऊन ऐकतात.

आणि जमेल त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी जा. दिवाळीपेक्षा आखाजीला. सासरी गेलेल्या लेकी माहेरी आलेल्या असतात, निंबाला झोके असतात, आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या असतात. ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय तिथे नवी घागर भरतात, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज आणि सांजोरी ठेवतात आणि त्या माणसाच्या नावानं आगारी टाकतात, म्हणजे विस्तवावर घास वाहतात. तेव्हा 'हे कोणासाठी?' असं मुलं विचारतातच. मग पणजोबांपासून सगळे आपोआप येतात, तुम्हाला काही करावं लागत नाही.

मोबाइलबद्दल तुम्ही काळजीनं लिहिलंय म्हणून एवढं सांगतो. झोक्यावरची गाणी मला येत नाहीत, ती बायकांची. गेल्या आखाजीला माझ्या मुलीनं आत्याच्या झोक्याशेजारी उभं राहून ती सगळी मोबाइलवर रेकॉर्ड केली. त्यातले अहिराणी शब्द अडले की ती आबांकडे जाते, आबांना ऐकू येईना की आवाज वाढवते आणि दोघं मिळून अर्थ लावतात. तुमच्या मुलांच्या हातातही मोबाइल आहेच, तर आजीला लावून द्या आणि बिबड्यांना ज्वारी किती दिवस भिजवायची ते त्यांनाच विचारू द्या.