वाफ्याची कड कलते, काय करावे?

प्रश्न : अंगणातल्या फुलझाडांच्या वाफ्याला २० फूट कड म्हणून सिमेंटचे सॉलिड ब्लॉक (१६ × ८ × ४ इंच) नुसत्या मातीत रोवले. जमीन काळी आहे. एका पावसाळ्यात ते बाहेर कलले आणि फटींतून माती वाहू लागली. आता सिमेंटमध्ये पक्के बसवावेत का? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : सिमेंट नको. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यात वाफ्याला सतत पाणी मिळते आणि अंगणाची बाजू कोरडी राहते, म्हणून आतली बाजू उचलली जाऊन ब्लॉक बाहेर झुकतो. सिमेंटने जोडलेली कडही अशीच उचलली जाईल. मग ती मध्येच तडकते आणि चार-चार ब्लॉक एकदम कलतात.

ब्लॉक काढा आणि दोरी बांधून १ फूट रुंद, १० इंच खोल चर खणा. निघालेली माती शेणखत मिसळून वाफ्यातच वापरता येईल. चरात कठीण मुरूम ३-३ इंचांच्या दोन थरांत भरा. प्रत्येक थरावर पाणी शिंपडून धुम्मसाने (जमीन ठोकायच्या जड अवजाराने) ठोका. सहा इंच एकदम टाकून ठोकले तर वरचाच भाग दबतो, खालचा पोकळ राहून पुढे खचतो. इथे घाई करू नका, कडेचे आयुष्य याच थरावर ठरते. वर १ इंच कच (दगडाचा बारीक चुरा) पसरा आणि ब्लॉक लांबीने उभे ठेवून रबरी हातोडीने पाणसळीत बसवा. तीन इंच जमिनीत, पाच इंच वर. दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागेत पुन्हा मुरूम ठोकून भरा, काळी माती तिथे परत टाकू नका.

सांधे कोरडेच ठेवा, पाणी निघायला वाट हवी. माती अडवायला आतून जिओटेक्स्टाइलची (पाणी जाऊ देणाऱ्या, माती अडवणाऱ्या कापडाची) पट्टी लावा. प्लॅस्टिकचा कागद लावला तर पाणी मागेच साचते. वाफ्यातली माती ब्लॉकच्या माथ्यापेक्षा दीड-दोन इंच खाली असावी.

सामान : १५ ब्लॉक (तुटफुटीसाठी २ जास्त), मुरूम सुमारे १७ घनफूट, कच २ घनफूट. वळणावर अख्खा ब्लॉक लावल्यास सांधे फाकतात. तिथे अर्धे ब्लॉक घ्या. विटा लावायचा विचार असेल तर सोडा, ओल्या मातीत त्यांना लोणा लागतो, म्हणजे क्षार साचून त्या भुगा होत झडतात.

काम पावसाळा संपून जमिनीला वाफसा आल्यावर, म्हणजे ती ना चिखल ना कोरडी अशी झाल्यावर करा. मे महिन्यात माती पूर्ण आकसलेली असते, तेव्हा बसवलेली कड पहिल्या पावसात उचलली जाते.

प्रश्न : जांभ्या चिऱ्यांच्या कडेवर शेवाळ धरते. ऑइलपेंट द्यावा का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नको. चिरा सच्छिद्र असतो. जमिनीतून चढलेली ओल रंगामागे अडकते आणि पोपडे निघतात. पावसाळ्यानंतर ताठ ब्रशने पाणी घालून घासा. तारेचा ब्रश वापरू नका, चिरा झिजतो.