पेस्ट कंट्रोलने नाकारलेली बँक्सीची प्रिंट: पैसे परत मिळतील का?

प्रश्न: मी इंग्लंडमध्ये राहतो. चौदा महिन्यांपूर्वी इथल्याच एका गॅलरीकडून बँक्सी या ब्रिटिश ग्राफिटी कलाकाराच्या ‘लव्ह रॅट’ची सही नसलेली प्रिंट १८,५०० पौंडांना घेतली. २,००० पौंड क्रेडिट कार्डाने भरले, बाकीचे बँकेतून पाठवले. गॅलरीने आपल्या लेटरहेडवर खरेपणाचं प्रमाणपत्र दिलं. आता विकायला काढल्यावर लिलावगृहाने पेस्ट कंट्रोलचं, म्हणजे बँक्सीच्या कलाकृती खऱ्या आहेत का हे तपासणाऱ्या अधिकृत संस्थेचं, प्रमाणपत्र मागितलं. मी अर्ज केला, पण त्यांनी नकार दिला. गॅलरी म्हणते, ‘प्रिंट खोटी असल्याचं आधी सिद्ध करा. शिवाय बिलावर “आहे त्या स्थितीत विक्री” असं छापलंय.’ मी काय करावं? कमी किमतीत ऑनलाइन विकून मोकळा होऊ का?

उत्तर: विकू नका. प्रिंटबद्दल शंका आहे हे माहीत असताना ती ‘बँक्सी’ म्हणून विकली, तर २००६च्या फ्रॉड ॲक्टखाली तुम्हीच आरोपी ठरू शकता. शिवाय प्रिंट हातातून गेली, तर ती परत देऊन पैसे मागण्याचा मार्गही बंद होतो. फ्रेम उघडू नका. मागचा पुठ्ठा, गॅलरीचं लेबल, पॅकिंग सगळं जसंच्या तसं ठेवा आणि फोटो काढून ठेवा.

आता गॅलरीचं आव्हान. कलाकृती खोटी आहे का, या वादात अडकू नका. तुम्हाला बिलात लिहिलेली वस्तू मिळाली का, हा तुमचा मुद्दा आहे. २०१५च्या कन्झ्युमर राइट्स ॲक्टचं कलम ११ सांगतं की माल वर्णनाबरहुकूम असला पाहिजे. बिलावर ‘बँक्सी, लव्ह रॅट, २००४, सिल्कस्क्रीन’ (सिल्कस्क्रीन म्हणजे जाळीच्या पडद्यातून शाई दाबून केलेली छपाई) असं लिहिलं असेल, तर ते वर्णन झालं. ते चुकीचं होतं हे दाखवण्याची जबाबदारी तुमच्यावर आहे, हे खरं. पण दिवाणी दाव्यात निर्विवाद पुरावा लागत नाही. शक्यतेचं पारडं तुमच्या बाजूला झुकलं की पुरे. पेस्ट कंट्रोलचा नकार त्या पारड्यातलं सगळ्यात मोठं वजन आहे.

ते का, हे दाव्यात नीट मांडा. वॉरहॉल, बास्कियात, हॅरिंग या अमेरिकन कलाकारांच्या कलाकृती तपासणारी मंडळं २०१२च्या सुमारास एकामागोमाग बंद झाली. मत दिलं की खटला, अशी त्यांची स्थिती झाली होती. बँक्सीच्या बाबतीत मात्र पेस्ट कंट्रोल अजून काम करतं. त्याच्या प्रमाणपत्रावर राजकुमारी डायनाचा चेहरा असलेल्या बनावट दहा पौंडी नोटेचा फाडलेला अर्धा तुकडा स्टेपल केलेला असतो. नोटेवर हाताने नंबर लिहिलेला असतो आणि दुसरा अर्धा तुकडा त्यांच्याकडेच राहतो. हा कागद नसेल, तर मोठी लिलावगृहं अशी प्रिंट घेत नाहीत. म्हणून गॅलरीचं स्वतःचं प्रमाणपत्र पुनर्विक्रीला काही कामाचं नाही. दाव्यात मात्र ते तुमच्या फार उपयोगाचं आहे, कारण प्रिंट खरी आहे असं विक्रेत्याने लेखी सांगितल्याचा तोच पुरावा.

‘लव्ह रॅट’च्या १५० सही केलेल्या आणि ६०० बिनसहीच्या प्रती निघाल्या. तुमच्या प्रतीवरचा नंबर बिलावरच्या नंबराशी जुळतो का ते पाहा. प्रिंटवरचा कुठलाही रंगाचा भाग दहापट भिंगाखाली बघा. सिल्कस्क्रीनमध्ये शाईचा सलग थर दिसतो. चार रंगांच्या ठिपक्यांची जाळी किंवा बारीक शिंतोडे दिसले, तर ती ऑफसेट किंवा इंकजेट आहे आणि तुमचं काम बरंच सोपं झालं. सलग थर दिसला म्हणून मात्र ती खरी ठरत नाही. सिल्कस्क्रीनच्या नकलाही निघतात.

‘आहे त्या स्थितीत’ या ओळीला घाबरू नका. व्यापाऱ्याने ग्राहकाला माल विकला असेल, तर त्याच कन्झ्युमर राइट्स ॲक्टच्या कलम ३१मुळे वर्णनाची जबाबदारी अशा ओळीने झटकता येत नाही. पण बिल पुन्हा वाचा: विक्रेता गॅलरी आहे, की ती दुसऱ्या मालकाच्या वतीने विकत होती? दुसरं असेल, तर करार त्या मालकाशी झालेला असू शकतो आणि वर सांगितलेलं बरंच बदलतं.

तीस दिवसांत माल नाकारण्याचा हक्क संपला आहे. तरीही खोट्या माहितीच्या आधारे केलेला करार रद्द करून पूर्ण पैसे मागता येतात. १९६७च्या मिसरिप्रेझेंटेशन ॲक्टच्या कलम २(१)खाली भरपाई मागितली, तर माहिती चुकीची होती हे तुम्ही दाखवल्यावर चेंडू गॅलरीकडे जातो: त्या माहितीवर विश्वास ठेवायला आमच्याकडे वाजवी कारण होतं, हे तिने सिद्ध करायचं. प्रिंट कुठून घेतली, मूळ पावती कुठे, हे आजच ईमेलने विचारा. उत्तर आलं नाही, तर तेही दाव्यात बोलकं ठरेल. मात्र उशीर करू नका. १९५०च्या लीफ विरुद्ध इंटरनॅशनल गॅलरीज खटल्यात इंग्लिश चित्रकार कॉन्स्टेबलचं म्हणून विकलेलं चित्र पाच वर्षांनी परत करायला निघालेल्या खरेदीदाराला करार रद्द करून मिळाला नाही. भरपाईच्या दाव्याची सहा वर्षांची मुदत वेगळी.

तुमच्या हातातला सगळ्यात मजबूत दोर ते २,००० पौंड आहेत. वस्तूची किंमत १०० पौंडांपेक्षा जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंत असेल, तर १९७४च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टच्या कलम ७५खाली कार्ड देणारी बँक गॅलरीइतकीच जबाबदार असते, आणि तीही फक्त कार्डावर भरलेल्या रकमेपुरती नाही, पूर्ण १८,५०० पौंडांसाठी. हे लोकांच्या लक्षातच येत नाही आणि ते फक्त कार्डावरची रक्कम मागून बसतात. पैसे मध्यस्थ पेमेंट कंपनीमार्फत गेले असतील, तर तुम्ही, बँक आणि गॅलरी यांच्यातली थेट साखळी तुटल्याचा मुद्दा बँक काढेल. म्हणून स्टेटमेंटवर कोणाचं नाव आहे ते आधी बघा.

बँकेकडे लेखी दावा करा: बिल, गॅलरीचं प्रमाणपत्र, पेस्ट कंट्रोलचं उत्तर, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि सगळे ईमेल जोडा. बँकेने नाकारलं, तर तक्रार नोंदवा. तिच्या अंतिम उत्तरासाठी आठ आठवडे असतात. त्यानंतर फायनान्शियल ओम्बड्समन सर्व्हिसकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या संस्थेकडे, जाता येतं, तेही विनामूल्य, पण अंतिम उत्तरापासून सहा महिन्यांच्या आत.

त्याच दिवशी गॅलरीला दाव्यापूर्वीची नोटीस पाठवा. करार रद्द करत असल्याचं, प्रिंट परत द्यायला तयार असल्याचं आणि रक्कम किती हवी हे स्पष्ट लिहा. उत्तराला चौदा दिवस द्या. गॅलरी बहुधा ‘दुसरी प्रिंट घ्या’ किंवा ‘स्टोअर क्रेडिट घ्या’ म्हणेल. ‘पूर्ण आणि अंतिम तडजोड’ असं लिहिलेल्या कशावरही पैसे खात्यात येण्याआधी सही करू नका.

कोर्ट हा शेवटचा मार्ग. तुमची रक्कम १०,००० पौंडांच्या वर असल्यामुळे दावा लहान दाव्यांच्या ट्रॅकमध्ये बसत नाही. दाखल करतानाच रकमेच्या पाच टक्के, म्हणजे ९२५ पौंड फी भरावी लागते आणि हरलात तर समोरच्याच्या खर्चाचा भागही अंगावर येतो. बँकेचं प्रकरण निकाली निघेपर्यंत हा खर्च करू नका.