'फेअरी' परीची कुणी लागत नाही

प्रश्न असा आला आहे: फ्रेंच 'फे', इंग्रजी 'फेअरी' आणि आपली 'परी' हे एकाच मुळातले शब्द आहेत का? आणि आयर्लंडच्या कथांतल्या 'शी' या अद्भुत लोकांना मराठीत परी म्हणावं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. क्रूसेडवर, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धांवर गेलेल्या शिपायांनी 'परी' हा शब्द ऐकला, अरबीत 'प' नाही म्हणून तिची 'फेरी' झाली आणि मग ती युरोपात जाऊन 'फेअरी' बनली, ही गोष्ट मला कुणी ना कुणी नवा शोध लागल्यासारखी ऐकवत असतं. शोध कसला! टॉमस कीटली या आयरिश लेखकाने 1828 सालच्या आपल्या पुस्तकात या कल्पनेचा समाचार घेऊन झाला आहे. तरी ती मरत नाही, कारण ऐकायला गोड लागते.

परी आपल्याकडे फारसीतून आली. अवेस्तात, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथात, तिची पूर्वज 'पइरिका' ही माणसाला भुलवून वाटेला लावणारी चेटकीण आहे. तिला देखणी केली ती पुढच्या फारसी कवींनी. 'पर म्हणजे पंख, म्हणून परी' हीसुद्धा लोकव्युत्पत्तीच, मागाहून जुळवलेली. 'परोपरी'तली परी आणि 'परंतु' या अर्थाची परी यांचा इथे काही संबंध नाही, त्या सोडून देतो.

आता 'फे'. लॅटिनमध्ये 'फारी' म्हणजे बोलणं. त्यावरून 'फातुम', म्हणजे बोललं गेलेलं, देवाच्या तोंडून निघालेलं, म्हणून अटळ. त्याचं अनेकवचन 'फाता'. बोलीभाषेत लोकांनी हे नपुंसकलिंगी अनेकवचन स्त्रीलिंगी एकवचन समजून वापरलं आणि दैवाची एक बाईच उभी राहिली. इटालियनमध्ये ती 'फाता' राहिली, स्पॅनिशमध्ये 'आदा' झाली, फ्रेंचमध्ये 'फे'. 'फेअरी' हे तर मुळात त्या बाईचं नावही नव्हतं. जुन्या फ्रेंचमधलं 'फेअरी' म्हणजे तिची जादूगिरी, तिचं राज्य. इंग्रजांनी पुढे तो शब्द तिलाच चिकटवला.

आणि ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो ते आता. या 'फारी'चा इंडो-युरोपीय, म्हणजे संस्कृत आणि लॅटिनच्या समाईक मूळ भाषेतला, धातू संस्कृतात 'भन्', 'भण्' या रूपांत येतो. प्राकृतात 'भणइ', आणि मराठीत पुढच्या अनुनासिकामुळे भ चा म्ह होऊन 'म्हणणे'. म्हणजे 'फे'ची मराठीतली सख्खी नातलग परी नसून 'तुका म्हणे'मधलं 'म्हणे' आहे! मूळ धातूत न असताना 'भण्' मधला ण खटकतो म्हणून नाक मुरडणारे पंडित भेटतात. त्यांनी ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातलं अठरावं सूक्त उघडावं. तिथे 'भनन्त' आहे, दंत्य न सकट.

मूळ असं असल्यावर अर्थही तिकडेच झुकणार. शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाच्या 1697 सालच्या कथासंग्रहात झोपी गेलेल्या राजकन्येच्या बारशाला सात फे येतात आणि एकेक जण तिला गुण बहाल करते. आमंत्रण न मिळालेली आठवी म्हातारी मरण भाकून जाते. आता सांगा, ही परी आहे की सटवाई? सहाव्या रात्री येऊन बाळाच्या कपाळावर लिहून जाणारी आपली सटवाईच ती. फरक एवढाच, की सटवाई लिहिते आणि फे बोलते. तरी आमचे कोशकार 'फे' पुढे डोळे मिटून 'परी' लिहितात आणि चित्रकार तिला फुलपाखराचे पंख लावतात.

माझं म्हणणं याहून थोडं पुढे जातं. फे बोलण्यातून जन्मली आणि बोलण्यानेच जाते. जाँ दारासने 1393 च्या सुमारास लिहिलेली मेल्युझीनची कथा घ्या. फ्रान्सच्या प्वातू प्रांतातल्या ल्युझिन्याँ घराण्याची ही मूळमाता. शनिवारी मला पाहायचं नाही, ही तिची अट. नवरा रेमोंदँ दाराला भोक पाडून बघतो; ती न्हाणीत बसलेली, कमरेखाली सापाची शेपटी. उर्वशी पुरूरव्याला सोडून गेली ती तो नुसता विवस्त्र दिसल्यावर. मेल्युझीन मात्र तेव्हा जात नाही! पुढे रागाच्या भरात रेमोंदँ तिला चारचौघांत 'सापीण' म्हणतो, तेव्हा ती नागरूपात खिडकीतून उडून जाते. बाराव्या शतकातल्या मारी द फ्रान्स या कवयित्रीच्या 'लान्वाल' या कथाकाव्यात तर प्रियेची अटच बोलण्याची: माझ्याविषयी बोलायचं नाही. लान्वाल राणीपुढे बोलतो आणि प्रियेला गमावतो. आयर्लंडच्या अल्स्टर प्रांतातल्या दंतकथेतली माखा नवऱ्याला तेच बजावते. तो जत्रेत फुशारकी मारतो, की माझी बायको राजाच्या घोड्यांच्याही पुढे धावेल. त्यापायी दिवस भरलेल्या माखाला शर्यतीत धावावं लागतं. धाव संपताच तिला जुळं होतं आणि ती अल्स्टरच्या पुरुषांना शाप देते.

माखाला कुणी फे म्हणत नाही, हे मला ठाऊक आहे. 'हा योगायोग आहे' असं म्हणणाऱ्यांनी एवढे योगायोग एका जागी कसे जमले तेही सांगावं.

राहिला दुसरा प्रश्न. 'शी' म्हणजे टेकाड, ज्याच्या पोटात हे लोक राहतात. हा शब्द बसणे या अर्थाच्या धातूवरून आला असं मानतात, म्हणजे आपल्या 'सदन'चा भाऊबंद. 'बॅनशी' म्हणजे टेकाडातली बाई. घराण्यात कुणी मरणार असलं की ती आधी येऊन आक्रोश करते. तिला परी म्हणणाऱ्या अनुवादकाने एकदा ती कथा वाचावी. माझं मत, शब्द आहे तसाच ठेवावा आणि पहिल्या वेळी 'टेकाडातले लोक' अशी फोड द्यावी. मराठी वाचक 'शी' वाचून नाक दाबणार हे खरं, पण उच्चारच तसा आहे, त्याला इलाज नाही.