वाचकांचे प्रश्न : चिनी संगीत नाटकाच्या प्रांतोप्रांतीच्या परंपरा

प्रश्न : पेकिंग ऑपेराच्या काही चित्रफिती मी आवडीने पाहिल्या. चीनमधील सगळी पारंपरिक संगीत नाटके याच पद्धतीची असतात का? प्रांताप्रांतांत फरक असल्यास तो नेमका कशात असतो? (एक वाचक, सातारा)

उत्तर : पेकिंग ऑपेरा ही या कलेची सर्वांत प्रसिद्ध शाखा असली तरी ती सर्वांत जुनी नाही आणि एकमेव तर नाहीच. चीनमध्ये अशा ३००हून अधिक प्रादेशिक शैलींची नोंद झाली आहे. पुरुष, स्त्री, रंगवलेल्या चेहऱ्याचे दांडगे वीर आणि विदूषक असे पात्रांचे ठरलेले वर्ग, भरजरी रेशमी वेश, आणि एक मेज व दोन खुर्च्या एवढ्यावर भागणारे नेपथ्य या गोष्टी बहुतेक मोठ्या शैलींमध्ये थोड्याफार फरकाने सारख्याच आढळतात. कथाही पुष्कळदा त्याच असतात. खरा फरक आहे तो बोलीत आणि गाण्यात. चिनी भाषांमध्ये शब्दाचा अर्थ उच्चारातील सुराच्या चढउतारावर अवलंबून असतो, आणि हे चढउतार प्रांतागणिक बदलतात. त्यामुळे चाल बांधताना स्थानिक उच्चार सांभाळावा लागतो आणि एका प्रांताची चाल दुसऱ्या प्रांताच्या बोलीवर जशीच्या तशी बसत नाही. म्हणून शैली ओळखायची असेल, तर वेशभूषेकडे पाहण्याआधी वाद्ये आणि गळा ऐकावा, असे मी आग्रहाने सांगेन.

बासरीचा हळुवार स्वर आणि एकेका अक्षरावर रेंगाळणारे गाणे ऐकू आले, तर ते बहुधा खुनछ्यू असते. पूर्व चीनमधील सुझौ शहराजवळच्या खुनशान परिसरातील या गायकीला सोळाव्या शतकात वेइ ल्यांगफू यांनी घडवले. तिच्यात चाली आधीपासून ठरलेल्या असतात आणि कवी त्या चालींच्या मापात शब्द बसवतो. त्यामुळे ही नाटके मुळात उत्तम काव्यही असतात. थांग श्येनत्सू यांचे १५९८ सालचे, ५५ प्रवेशांचे ‘पिओनी पॅव्हिलियन’ हे नाटक आजही याच गायकीत सादर होते. युनेस्कोने २००१ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाची पहिली यादी जाहीर केली, तेव्हा तिच्यात केरळच्या कुटियाट्टमबरोबर खुनछ्यूचाही समावेश होता.

याच्या अगदी उलट टोकाला वायव्येकडील शान्शी प्रांताची छिनछ्यांग ही शैली आहे. बोराच्या कठीण लाकडाच्या टिपऱ्यांवर ताल आणि मोकळ्या गळ्याने, छाती फोडून गायलेली पदे हे तिचे वैशिष्ट्य. खुल्या माळावर, गावच्या जत्रेत दूरवर बसलेल्या माणसापर्यंत आवाज पोहोचावा, अशीच ती गायकी आहे.

पेकिंग ऑपेरा मात्र राजधानी पेकिंगमध्ये (आजच्या बीजिंगमध्ये) जन्मला असला, तरी त्याचे मूळ दक्षिणेकडे आहे. छ्येनलुंग बादशहाच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त १७९० मध्ये आन्ह्वेई प्रांतातील नाटकमंडळी राजधानीत आली, पुढे हूपेई प्रांताचे गायक त्यांना येऊन मिळाले, आणि ‘शीफी’ व ‘अर्हुआंग’ या दोन सुरावटींच्या मिलाफातून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही शैली आकाराला आली. येथे मूळ सुरावटी मोजक्याच असतात. विलंबितापासून द्रुतापर्यंत लय बदलून त्यांतूनच दुःख, संताप, चिंतन असे सगळे भाव उभे केले जातात. गाण्याला साथ असते ती जिंगहू या बांबूच्या छोट्या, तीक्ष्ण आवाजाच्या दोन तारांच्या वाद्याची, आणि संपूर्ण वादकवृंद लहान ढोल वाजवणाऱ्या एका वादकाच्या इशाऱ्यावर चालतो.

सिचुआनच्या शैलीत ‘काओछ्यांग’ नावाचा एक गायनप्रकार आहे. त्यात तंतुवाद्य मुळीच नसते. पात्र एक ओळ गाते आणि तालवाद्यांच्या गजरात झीलकरी तीच ओळ उचलून उंच सुरात पुढे नेतात, किंवा पात्राच्या मनातले, त्याने न बोललेले बोलून दाखवतात. याच प्रांताच्या ‘शरदातील नदी’ या प्रवेशात एक तरुण जोगीण प्रियकराचा पाठलाग करण्यासाठी म्हाताऱ्या नावाड्याच्या होडीत बसते. रंगमंचावर होडी नसतेच, केवळ नावाड्याच्या हातात एक वल्हे असते. ती चढताच दोघेही डोलू लागतात. तो गुडघ्यांत वाकतो तेव्हा ती टाचा उचलते, ती खाली जाते तेव्हा तो वर येतो, आणि पाहणाऱ्याला पाण्याचा हेलकावा अक्षरशः जाणवतो.

दक्षिणेकडील कँटनच्या मंडळींनी विसाव्या शतकात फार धाडसी बदल केले. उत्तरेच्या धाटणीची रंगभूमीची भाषा सोडून त्यांनी आपली कँटनी बोली स्वीकारली, पुरुषपात्रे नैसर्गिक गळ्याने गाऊ लागली, आणि वादकांमध्ये व्हायोलिन आणि सॅक्सोफोनही येऊन बसले.

प्रश्न : चेहऱ्यावरील रंगांचा अर्थ काय असतो? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : सर्वसाधारणपणे लाल रंग निष्ठेचा असतो, जसा क्वान यू या सेनानीचा, काळा करारी न्यायाचा, जसा न्यायाधीश पाओचा, आणि पांढरा कपटाचा, जसा त्साओ त्साओ या सत्ताधीशाचा. हे रंगकाम प्रामुख्याने वीर आणि विदूषक यांच्या वर्गांत असते. नायक-नायिकांच्या चेहऱ्यांवर केवळ पांढरी-गुलाबी रंगछटा असते. क्षणार्धात मुखवटे बदलण्याची कला सिचुआनची आहे, पेकिंगची नव्हे.

प्रश्न : आपल्याकडे बालगंधर्व होते, तसे चीनमध्येही पुरुषच स्त्रीभूमिका करत का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : होय. छिंग राजवटीत राजधानीत स्त्रियांना रंगमंचावर मज्जाव असल्यामुळे ही परंपरा रुजली. तिचे सर्वांत मोठे नाव म्हणजे मेइ लानफांग (१८९४–१९६१). म्हणजे ते आणि बालगंधर्व (१८८८–१९६७) समकालीनच होते. १९२४ मध्ये रवींद्रनाथ ठाकूर पेकिंगला गेले असता मेइ यांनी त्यांच्यासाठी खास प्रयोग केला होता. १९३० मध्ये मेइ यांनी अमेरिकेचा दौरा केला, आणि १९३५ मध्ये मॉस्कोत त्यांचा अभिनय पाहून जर्मन नाटककार ब्रेख्त यांनी अभिनयाविषयीचे आपले महत्त्वाचे विचार मांडले. मेइ यांच्या पिढीतील छेंग यानछ्यू यांचे दबक्या, आत ओढलेल्या स्वरातील गाणे मला व्यक्तिशः अधिक भिडते.

याच्या उलट वाटेने गेलेली शैली मात्र कमी लोकांना ठाऊक आहे. शाओशिंग परिसरातील युए नाटकाचा पहिला प्रयोग १९०६ मध्ये एका खेड्यात धान्याच्या पिंपांवर फळ्या टाकून शेतकऱ्यांनी केला. पुढे शांघायमध्ये हीच शैली संपूर्णपणे स्त्रियांच्या मंडळींची झाली, आणि तिच्यातील सुकुमार नायकही स्त्रियाच उभा करू लागल्या. प्रेमकथांसाठी इतकी जुळणारी गायकी मी दुसरी ऐकलेली नाही.

प्रश्न : भाषा येत नसलेल्या प्रेक्षकाने सुरुवात कोठून करावी? (एक वाचक, पुणे)

उत्तर : पेकिंग ऑपेरातील ‘तिठा’ या प्रवेशापासून करावी. त्यात एका धर्मशाळेत दोघे जण मध्यरात्रीच्या अंधारात एकमेकांना शोधत लढतात. रंगमंचावर मात्र लख्ख उजेड असतो. तलवारीचे पाते दुसऱ्याच्या कपाळावरून बोटभर अंतराने जाते आणि त्याला ते दिसल्याचा भाव चेहऱ्यावर तसूभरही उमटत नाही. त्यानंतर ‘शरदातील नदी’ पाहावी, आणि मग निवांतपणे, मिळाल्यास शब्दांचे भाषांतर समोर ठेवून, खुनछ्यूकडे वळावे.