वाचक विचारतात : विमानतळावरची तपासणी

प्रश्न : लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याहून बंगळूरला चालले आहे. सुकं खोबरं, मिरचीचं लोणचं, डिंकाचे लाडू, अडकित्ता. काय कुठे ठेवू? (साताऱ्याच्या वाचक)

उत्तर : खोबऱ्याच्या वाट्या घरीच ठेवा. त्यात तेल इतकं असतं की साठ्यात आतल्या आत तापून ते आपोआप पेट घेऊ शकतं. म्हणून मार्च २०२२ पासून चेक-इनच्या बॅगेत सुक्या खोबऱ्याला बंदी आहे. बंगळूरच्या वाणसामानाच्या दुकानात ते सहज मिळेल.

लोणचं हातातल्या बॅगेत नको, चेक-इनमध्ये टाका. बरणी दोन पिशव्यांत बांधा, नाहीतर तेल साड्यांवर उतरतं. अडकित्ताही चेक-इनमध्येच.

लाडू खुशाल हातात न्या, पण स्टीलच्या डब्यात नको. एक्स-रेच्या पडद्यावर खाद्यपदार्थ, कागद, कापड अशा सेंद्रिय वस्तू नारिंगी दिसतात आणि धातू निळा. स्फोटकंही बहुतेक सेंद्रियच असतात. त्यामुळे स्टीलच्या आड दाट नारिंगी गोळे दिसले की जवान बॅग बाजूला काढणारच. प्लास्टिकचा डबा बॅगेत सगळ्यात वर ठेवलात, तर उघडून दाखवायला अर्धं मिनिट पुरतं.

प्रश्न : पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत का चालत नाही? माझी २०,००० एमएएचची आहे.

उत्तर : लिथियमची बॅटरी बिघडली की स्वतःच तापत जाते आणि एक सेल शेजारच्या सेलला पेटवतो. सामानाच्या कक्षातली आग विझवणारा वायू ज्वाळा दाबतो, पण बॅटरीच्या आतली ही साखळी तोडू शकत नाही. केबिनमध्ये निदान कर्मचाऱ्यांच्या लक्षात येतं, पाणी ओतून ती थंड करता येते.

मोजमाप वॅट-अवरमध्ये करतात. एमएएचला ३.७ ने गुणा आणि १००० ने भागा. तुमची ७४ वॅट-अवरची, म्हणजे १०० च्या आत, चालेल. ३०,००० ची १११ भरते. १०० ते १६० साठी विमान कंपनीची आधी परवानगी लागते, त्यापुढे बंदीच. छापील आकडे पुसले गेले असतील तर अडवतात, आणि तिथे वाद घालून उपयोग होत नाही.

विसरून चेक-इनमध्ये गेली तर? मोठ्या विमानतळांवर ती बॅग तुमच्या हातून गेल्यावर पट्ट्यावरच तपासली जाते. मग तुम्हाला बोलावून तुमच्यासमोर बॅग उघडतात. तोवर तुम्ही सुरक्षा तपासणी ओलांडून गेटवर बसलेले असता, आणि देशांतर्गत उड्डाणांना गेट साधारण २५ मिनिटं आधी बंद होतं. लायटर आणि काडेपेटी मात्र दोन्ही बॅगांत निषिद्ध आहेत.

प्रश्न : वडिलांना पेसमेकर आहे. धातुशोधक चौकटीतून जाऊ द्यावं का?

उत्तर : झटकन चालत गेल्याने सहसा काही बिघडत नाही, तिथे टेकून किंवा रेंगाळून उभं राहू नये. खरी काळजी हातातल्या यंत्राची. ते छातीवर धरून ठेवू देऊ नका. रांगेत पुढे जाताच ‘पेसमेकर आहे, हाताने तपासा’ असं सांगा आणि पेसमेकरचं कार्ड दाखवा. कार्ड पाकिटात नको, कारण पाकीट तोवर ट्रेमधून पुढे गेलेलं असतं. शर्टाच्या खिशात बरं.

प्रश्न : इन्सुलिन कुठे ठेवायचं?

उत्तर : हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. सामानाच्या कक्षात ते गोठू शकतं, आणि गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नसतं.

प्रश्न : लॅपटॉप बाहेर का काढायला लावतात?

उत्तर : त्याची बॅटरी आणि आतले भाग एक्स-रेत गडद दिसतात, खालचं झाकलं जातं. वेगळ्या ट्रेत सपाट ठेवा, वर जॅकेट टाकू नका. नाहीतर ट्रे परत फिरतो.