दुकान आणि घर मिळून एकच राऊटर घ्यायचा असेल तर काय पाहावे?

तळमजल्यावर औषधांचे दुकान, वर घर, आणि बिलिंगचा संगणक, कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा डीव्हीआर, मुलांचे मोबाईल सारे एकाच वाय-फायवर, अशी आपली मांडणी आहे. सहा अँटेनांचा महाग राऊटर घेतल्यास ती सुरक्षित होईल का, असे आपण विचारले आहे. नुसत्या त्याने होणार नाही. छोट्या दुकानांची जोडणी करून देताना मी अँटेना मोजत नाही. त्या मॉडेलसाठी कंपनीने शेवटचे फर्मवेअर (राऊटर चालवणारे आतले सॉफ्टवेअर) कधी दिले, हे तिच्या संकेतस्थळावर आधी पाहतो. दोन वर्षे अपडेट न आलेला राऊटर निम्म्या किमतीत मिळाला तरी मी घेऊ देत नाही. त्याखेरीज डब्ल्यूपीए३ (वाय-फायच्या सुरक्षेची नवी पद्धत) आणि गेस्ट नेटवर्क (पाहुण्यांसाठीचे वेगळे वाय-फाय) या दोन सोयी असाव्यात. बाकी वेगाचे आकडे आपल्या वापराला गौण आहेत.

सर्वांत जास्त काळजी मला आपल्या डीव्हीआरची वाटते. २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरने (घातक सॉफ्टवेअरने) जगभरातले कॅमेरे, डीव्हीआर आणि राऊटर ताब्यात घेतले, तेव्हा त्याच्याकडे कारखान्यातून येणाऱ्या साठेक युजरनेम-पासवर्डांच्या जोड्यांची यादी होती आणि तेवढीच पुरली. म्हणून डीव्हीआरचा आणि राऊटरच्या अ‍ॅडमिन पानाचा पासवर्ड आजच बदलावा, आणि राऊटरमधली यूपीएनपी ही सोय बंद करावी, कारण ती चालू असली की आतले उपकरण आपल्याला न विचारता बाहेरच्या जगासाठी पोर्ट, म्हणजे आत येण्याची वाट, उघडू शकते. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डाऐवजी बटण किंवा पिन वापरून वाय-फायला जोडण्याची सोय, हीही बंदच ठेवावी: तिचा आठ अंकी पिन राऊटर दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा अंक निव्वळ पडताळणीचा असतो, त्यामुळे कोट्यवधींऐवजी जेमतेम ११,००० प्रयत्नांत तो सापडतो, हे २०११ मध्येच उघड झाले आहे.

बिलिंगचा संगणक केबलने मुख्य नेटवर्कला जोडावा. मुलांचे मोबाईल, टीव्ही आणि पाहुणे गेस्ट नेटवर्कवर असावेत. येथे एक खाचखळगा आहे. फायबरवाल्याने बसवलेला डबा स्वतःच राऊटरचे काम करत असेल आणि आपला नवा राऊटर त्यामागे ॲक्सेस पॉइंट (फक्त वाय-फाय पुरवणारे उपकरण) म्हणून लावला, तर पुष्कळ मॉडेलांत गेस्ट नेटवर्क नावापुरते उरते आणि पाहुण्याच्या मोबाईलवरून डीव्हीआरपर्यंत पोहोचता येते. त्यामुळे तो डबा ब्रिज मोडवर (म्हणजे राऊटरचे काम आपल्या राऊटरकडे सोपवून) टाकून देण्याची मागणी करावी आणि नंतर गेस्टवर मोबाईल जोडून, ब्राउझरमध्ये डीव्हीआरचा पत्ता टाकून पाहावा. पान उघडले तर विभागणी झालेली नाही.

वरच्या मजल्यावर सिग्नल कमी पडल्यास रिपीटरपेक्षा एक केबल वर नेऊन दुसरा ॲक्सेस पॉइंट लावणे केव्हाही चांगले. जुना राऊटर मात्र रीसेट केल्याशिवाय कोणाला देऊ नये, कारण वाय-फायचा आणि ब्रॉडबँडचा पासवर्ड त्यात साठवलेला असतो.