अण्णा साळुंके तारामती झाले आणि पुढे कॅमेरामनही झाले, हे खरे का? एकांकिकेत त्यांचा कॅमेरा कसा दाखवावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या तुमच्या मंडळासाठी अण्णा साळुंके यांच्यावर वीस मिनिटांची एकांकिका बसवायची आहे. आचारी, मग राणी तारामती, मग राम आणि सीता दोन्ही, शेवटी कॅमेरामन, असा त्यांचा प्रवास तुम्ही वाचलात. यातले खरे किती, आणि नटाच्या हाती हँडलचा कॅमेरा दिला तर त्याने नेमके काय करायचे?

खरे जवळजवळ सगळेच आहे. दादासाहेब फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी बाई मिळेना. जाहिराती देऊन झाल्या, नाचगाण्याच्या कोठ्यांवरही विचारून झाले. मग मुंबईत ग्रँट रोडवरच्या एका खाणावळीत त्यांना साळुंके दिसले. सडपातळ चण, नाजूक हात. खाणावळीत महिना १० रुपये मिळत होते, फाळक्यांनी १५ देऊ केले. कुठे आचारी लिहिलेले आढळते, कुठे वेटर. त्यावरून तालमीत भांडू नका, नटाच्या खांद्यावर पंचा टाकला की दोन्ही भागते. चित्रपट ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात लागला. हरिश्चंद्र दत्तात्रय दामोदर डबके, रोहिदास फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. पुढे १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही केले, आणि पडद्यावर राम आला की लोक पायातल्या वहाणा काढून ठेवत. सीतेचे दंड जरा जास्तच पीळदार दिसतात अशी कुजबुजही झाली म्हणे.

'पहिली नायिका' हे बिरुद मात्र जपून वापरा. नायिकेची पहिली भूमिका त्यांची, पण पडद्यावर आलेल्या पहिल्या बायका त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'मधल्या: दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई. आणि मागच्या पडद्यावर 'राजा हरिश्चंद्र'चे तुकडे दाखवणार असाल, तर त्यावर बेधडक '१९१३' लिहू नका. फाळक्यांनी १९१७ मध्ये हीच कथा पुन्हा चित्रित केली, नटही बहुतेक तेच. आज जी पहिली आणि शेवटची रिळे पाहायला मिळतात ती या दुसऱ्या आवृत्तीची आहेत असे बऱ्याच अभ्यासकांचे मत आहे.

आता कॅमेऱ्याकडे येऊ. १९२२ चा 'सत्यनारायण' आणि १९२३ चा 'बुद्धदेव' यांत साळुंक्यांचे नाव नट म्हणूनही येते आणि छायालेखक म्हणूनही. त्यापुढे बोलपट येईपर्यंत, म्हणजे १९३१ पर्यंत, ते मुख्यतः कॅमेऱ्यामागे होते. तुम्हाला ही उडी वाटते, पण फाळक्यांच्या कंपनीत ती उडी नव्हतीच. तिथे सगळे पगारी नोकर. पहिल्या चित्रपटाचा कॅमेरा चालवणारे त्र्यंबक तेलंग हेही फाळक्यांनीच हाताशी धरून शिकवलेले जुने स्नेही. डबके हरिश्चंद्र होते, त्यांनीही पुढे दिग्दर्शन केले. माझ्या मते तुमच्या एकांकिकेचा कणा इथे आहे: साळुंके तोंडाला रंग लावून जे शिकले, तेच त्यांना हँडल धरताना उपयोगी पडले असणार.

कसे, ते सांगतो. त्या काळची फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक: तिला निळे आणि हिरवे दिसते, लाल दिसत नाही. म्हणून आकाश पांढरेफटक येते, कुंकू काळे येते, लाल शालू काळा ठिक्कर पडतो आणि हळदीचा पिवळा मळकट करडा होतो. संगीत नाटकातला रंगभूषाकार सवयीने गालांना लाली लावी. नाट्यगृहात ती शोभे. फिल्मवर त्याच लालीचे दोन काळे खड्डे होत आणि राणी क्षयाने खंगल्यासारखी दिसे. आपल्या कातडीतही तांबूस छटा असतेच, त्यामुळे बिनरंगाचा चेहरा सावळा आणि डागाळलेला येई. उपाय: चेहऱ्याला सफेद्याचा सपाट फिकट थर, लाली अजिबात नाही, ओठांना अगदी हलका हात, डोळ्यांच्या कडा मात्र ठळक. एवढे सगळे स्वतःच्या चेहऱ्यावर भोगलेला माणूस कॅमेऱ्यामागे गेला की त्याला समोरच्या नटाचे काय चुकले आहे ते रीळ धुवायच्या आधीच कळते.

हे प्रेक्षकांना सांगत बसू नका, दाखवा. रंग बदलता येणारे एलईडी पार दिवे (रंगमंचावरचे डबड्यासारखे दिवे) भाड्याने मिळतात. त्यांत लाल शून्यावर आणा, निळा पूर्ण, हिरवा अर्ध्याच्या थोडा वर. बाकीचे सगळे दिवे बंद. तारामतीच्या कपाळावरचे कुंकू आणि अंगावरचा लाल शालू डोळ्यांदेखत काळा पडेल. मग साधा पिवळा दिवा लावा, लाल परत येईल. दोन गोष्टी बिघडू शकतात. एक, विंगेतून साध्या बल्बचा उजेड झिरपला तरी लाल रंग थोडा उरतो आणि गंमत जाते. म्हणून विंगा काळ्या कापडाने बंद करा. दुसरी, हल्लीच्या चमकदार टिकल्या आणि काही गुलाबी-केशरी कापडे निळ्या उजेडात उलट पेटल्यासारखी दिसतात. साधे कुंकू आणि सुती कापड घ्या आणि रंगीत तालमीच्या आधी एकदा अंधारात तपासा. साड्या निवडायला मोबाइलही पुरतो: फोटो काढा, एडिटिंगमध्ये कृष्णधवल करा, लालची पट्टी तळाला आणि निळ्याची वर न्या. मूकपटात काय दिसले असते ते बरेचसे कळते.

आता हँडल. फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला. लाकडी पेटी, पुढे भिंग, उजव्या बाजूला हँडल, खाली लाकडी तिपाई. हँडलच्या एका फेऱ्यात ८ चित्रे जातात, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे १६ चित्रे. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चित्रे बसतात, म्हणून सेकंदाला एक फूट. हा हिशेब पाठ करून ठेवा, तो सगळीकडे लागतो. 'राजा हरिश्चंद्र' ३,७०० फूट होता. या वेगाने एक तासाहून जरा जास्त चालतो, सेकंदाला २० चित्रांनी दाखवला तर ५० मिनिटांत संपतो. चित्रपट किती मिनिटांचा, याचे वेगवेगळे आकडे तुम्हाला वाचायला मिळाले असतील, ते बरेचसे यामुळे.

नटाला वेग शिकवायला घड्याळ नको, तबला घ्या. मिनिटाला १२० मात्रांचा तीनताल लावा आणि एका मात्रेला एक फेरा. एक आवर्तन म्हणजे १६ फेरे, ८ सेकंद, ८ फूट फिल्म. वडोदऱ्यात तबलजी शोधावा लागणार नाही. प्रत्यक्ष चित्रीकरणात कॅमेरामन मनातल्या मनात एखादी चाल गुणगुणत असे, ती समोर कितीही धावपळ चालली तरी बदलायची नाही. शिकाऊ माणसाचा हात नेमका तिथेच फसतो: समोर लढाई सुरू झाली की हात आपोआप जोरात फिरतो. हात जोरात फिरला की प्रत्येक चित्राला उजेड कमी मिळतो, म्हणून ते काळवंडते, आणि पडद्यावर हालचाल मंदावते. हात रेंगाळला की उलटे, चित्र उजळते आणि नट तुरुतुरु धावतात. एकाच फेऱ्यात वर जाताना जोर आणि खाली येताना ढिलाई असेल, तर चित्राचा उजेड लुकलुकतो. म्हणून मनगट नव्हे, कोपरापासून हात फिरवायचा.

तुमच्या खोट्या कॅमेऱ्यात एक गोष्ट नक्की करा: हँडलला अडथळा द्या. रिकाम्या पेटीचे हँडल गरगर फिरते आणि प्रेक्षकाला खोटेपणा लगेच कळतो. आत लाकडी चाक बसवून त्यावर जाड नमद्याची पट्टी स्क्रूने आवळा, फिरवताना थोडा जोर लागेल एवढी. दुसऱ्या बाजूला पत्र्याची पातळ जीभ चाकाच्या दात्यांना लागू द्या, कटकट आवाज येईल. भिंगातून बघत बघत हँडल फिरवणे टाळा. शॉटच्या आधी कॅमेरामन मागून डोकावून फिल्मवर पडलेले उलटे चित्र बघे, फोकस लावी, मग ती खिडकी बंद करी, नाहीतर उजेड आत शिरून फिल्म वाया. शॉट चालू असताना तो बाजूच्या लहान फाइंडरमध्ये (चौकट दाखवणाऱ्या झरोक्यात) किंवा सरळ नटांकडे बघे. आणि दिग्दर्शक गप्प नसे: आवाज कुठे नोंदला जातो आहे! 'डावीकडे बघा, आता रडा' असे मोठ्याने चालू असे. तुमच्या फाळक्यांना तिथे भरपूर ओरडू द्या. फळी आपटणारा क्लॅपर मात्र नको, तो आवाजाशी चित्र जुळवायला आला. स्पॉटलाइटही नको. काम उन्हात चाले, वर पांढरे कापड ताणून ऊन मऊ केलेले.

राम आणि सीता एकाच चौकटीत हवे असते तर कॅमेऱ्यातच करण्याची पद्धत अशी. तिपाई जमिनीला जखडायची. भिंगापुढे अर्धी चौकट झाकणारी काळी पट्टी लावायची, उघड्या अर्ध्यात साळुंके राम म्हणून. फेरे मोजत चित्रण करायचे. भिंग पूर्ण बंद करून तितकेच फेरे फिल्म मागे न्यायची. पट्टी दुसऱ्या बाजूला, साळुंके आता सीता, पुन्हा तितकेच फेरे. एक फेरा चुकला की ८ चित्रे, म्हणजे अर्धा सेकंद, आणि राम सीतेच्या आधीच मान वळवतो. खरा शत्रू मात्र ऊन. धोतर-मुकुट उतरवून साडी, दागिने, केस चढवायला अर्धा तास गेला की सावल्या सरकतात आणि चौकटीच्या दोन अर्ध्या भागांत दोन वेगळ्या वेळा दिसतात. म्हणजे आधी सीता की आधी राम, हा प्रश्न कपडे कोणते लवकर उतरतात यावर सोडवायचा. यातून तुम्हाला पाच मिनिटांचा छान विनोदी प्रसंग मिळेल: एकटा नट, दोन वेश, वर सरकता सूर्य आणि घड्याळाकडे बघणारे फाळके.

कॅमेरामनचे काम शॉट संपल्यावर संपत नसे. कच्ची फिल्म बिनभोकांची येई. सुरुवातीच्या काळात फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई रात्री अंधारात बसून यंत्राने तिच्या कडांना, फिल्म पुढे सरकवायला लागणारी, भोके पाडत. दोन भोकांमधले अंतर केसभर हलले तरी पडद्यावर चित्र नाचते. कोरड्या हवेत फिल्म पेटीत ओढली जाताना घर्षणाने ठिणग्या उडतात आणि निगेटिव्हवर विजेच्या फांद्यांसारखे डाग उमटतात. धुण्यासाठी फिल्म लाकडी चौकटीवर गुंडाळून टाकीत सोडायची, लाल दिव्याखाली. लाल उजेड चालतो, कारण या फिल्मला लाल दिसत नाही. तुमच्या निळ्या दिव्याच्या प्रसंगानंतर लगेच हा लाल दिवा लावलात तर प्रेक्षकांना न सांगता दुवा लागेल. पाणी १८ ते २० अंशांवर ठेवावे लागे. २४ च्या वर गेले की फिल्मवरचा जिलेटीनचा थर मऊ पडून कडेने सुटतो. आपल्याकडे मे महिन्यात नळाचे पाणी कसे येते ते तुम्हाला माहीत आहे, म्हणून रात्री काम आणि टाकीभोवती बर्फ.

वडोदऱ्याशी जोड हवी असेल तर ती साळुंक्यांकडून काढू नका, आडनाव इथले वाटले तरी. जोड फाळक्यांची आहे आणि ती भरभक्कम आहे. इथल्या कलाभवन या शिक्षणसंस्थेत ते शिकले, तिथले प्राध्यापक गज्जर यांनी त्यांना तिथला फोटो स्टुडिओ आणि प्रयोगशाळा वापरू दिली. गोध्र्याला फोटोग्राफर म्हणून काही वर्षे काढली. १९०० च्या प्लेगमध्ये पत्नी आणि मूल गेल्यावर ते वडोदऱ्याला परतले. इथे फोटोचा धंदा चालेना, कारण कॅमेरा अंगातली शक्ती शोषतो आणि माणूस मरतो अशी समजूत पसरली होती. मग नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले, जादूचे प्रयोग केले, तेही 'प्रोफेसर केळफा' या नावाने. नाव उलटे वाचा. चित्रकला, फोटो, पडदे, जादू एवढे सगळे एका माणसाने करून पाहिलेले असल्यावर त्याच्या कंपनीत आचाऱ्याने राणी व्हावे आणि राणीने कॅमेरा धरावा, यात त्याला अवघड काही वाटले नसेल.

म्हणून सुरुवात वडोदऱ्यात करा: फोटोला घाबरून तोंड फिरवणारा गिऱ्हाईक आणि समोर वैतागलेले फाळके, दीड-दोन मिनिटे पुरेत. तिथून थेट ग्रँट रोड. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातले तुकडे मागच्या पडद्यावर दाखवायचे असतील तर परवानगीसाठी आधी लिहा, ऐन आठवड्यात धावपळ नको. आणि साळुंक्यांचे काम करणाऱ्याला मिशी असेल तर ती आजच उतरवू नका. वडील हयात असताना मिशी काढायची नाही म्हणून त्या काळच्या नटांनी फाळक्यांना बराच त्रास दिला होता. तो वाद रंगमंचावर होऊ द्या, मिशी चिकटवलेली असू द्या आणि प्रेक्षकांसमोर काढा.